तंबाखू सोडताना सोबत का हवी?

जालन्याच्या मोंढ्यात तळहातावर तंबाखू-चुना मळणारी माणसे सर्रास दिसतात. चुना अल्कधर्मी असतो. त्यामुळे तंबाखूतील निकोटिन मोकळे होऊन गालाच्या अस्तरातून लवकर रक्तात शिरते आणि मेंदूतील ठरावीक ग्राहींना चिकटते. सवय लागली की या ग्राहींची संख्या वाढते. रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते. मग चिडचिड होते, लक्ष लागत नाही, तलफ येते.

महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर आणि देशात 2019 साली ई-सिगारेटवर बंदी आली. पण बंदीने मेंदूतले ग्राही कमी होत नाहीत. तंबाखू सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्रास जास्त होतो. काही आठवड्यांत तो ओसरतो. तलफेची एकेक लाट मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ कोणी गप्पा मारल्या, बरोबर चार पावले चालले, तरी ती टळते.

म्हणून शिक्षकमित्रहो, एखाद्या सहकाऱ्याने तंबाखू सोडायची ठरवली, तर मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसा. तो चिडला तर मनावर घेऊ नका. पुन्हा खाल्ली तर टोमणा न मारता नवी तारीख ठरवा. 1800-11-2356 या राष्ट्रीय मोफत क्रमांकावरही समुपदेशन मिळते.