छातीतली धडधड पडद्यावर दाखवताना

आपल्या वस्तीतली कॉलेजची पोरं मोबाईलवर ७ मिनिटांची शॉर्टफिल्म करताहेत. विषय: परीक्षेआधी घाबरून जाणारी मुलगी. त्यांनी लिहिलेल्या पहिल्याच दृश्यात ती केस मोकळे सोडून किंचाळते. मी म्हटलं, अरे, हे तर अंगात आल्यासारखं झालं! बघणारी आजी नातीला दुसऱ्याच दिवशी देवऋषाकडे नेईल.

चिंतेचा झटका बाहेरून फारसा दिसतच नाही. शरीराला धोका आहे असं वाटतं, अ‍ॅड्रेनलिन वाढतं. छाती धडधडते, तळहात घामेजतात, बोटांना मुंग्या येतात. बहुतेक वेळा १० मिनिटांच्या आत तो शिगेला पोचतो, मग हळूहळू उतरतो. पण तेवढ्यात माणसाला वाटतं, आता मी मरणार. म्हणून कॅमेरा हातांवर ठेवा, म्हणाले. एका खोलीचं घर, टीव्ही चालू, कुकरची शिट्टी, आणि हॉलतिकीट घट्ट धरून दाराशी थांबलेली मुलगी. आई म्हणते, "पुरे झाली नाटकं." हे वाक्य पोरांनीच सुचवलं. घरातून आणलेलं असणार!

दवाखानाही घालायला लावला. रक्त कमी असलं, थायरॉईड बिघडलं, तरी धडधड होते. ते आधी तपासायचं. शेवटी पडद्यावर १४४१६, सरकारची टेली-मानस. २०२२ पासून आहे, फोन फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात.

काम करायला एक मुलगी तयार आहे. घरचे अडलेत: लग्न जमवताना कुणी हे दाखवलं तर? रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे.