म्युकर: काळं दिसेपर्यंत थांबू नका

2021च्या मे महिन्यात बनारसच्या सर सुंदरलाल रुग्णालयापासून पुण्या-नागपूरच्या वॉर्डांपर्यंत म्युकरमायकोसिस (म्युकर) या बुरशीच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. कोविडची साथ ओसरली; हा आजार आणि त्याबद्दलच्या समजुती मात्र शिल्लक आहेत.

गैरसमज: कांद्यावरची काळी बुरशी, पुराचा गाळ यांतून हा आजार होतो.
वस्तुस्थिती: कांद्याच्या सालीवरचा काळा थर बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजरचा, म्हणजे वेगळ्याच बुरशीचा असतो. म्युकरचे बीजाणू माती, पालापाचोळा, हवा सगळीकडे आहेत. पूर ओसरल्यावर बनारसच्या संकठा घाटाच्या पायऱ्या धुणाऱ्या धडधाकट माणसाच्या नाकातही ते जातात आणि शरीर त्यांचा निकाल लावतं. साखर बेसुमार वाढली, स्टेरॉइड लांबलं, किमोथेरपी वा अवयवरोपणामुळे प्रतिकारशक्ती खालावली, की ते रुजतात. अशांनी गाळ-मातीपासून लांबच राहावं.

गैरसमज: नाक किंवा टाळू काळी पडली तरच म्युकर.
वस्तुस्थिती: बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त गोठतं आणि पुढचा भाग मरतो. काळं दिसतं ते हे मेलेलं मांस. त्याआधी एका बाजूचा गाल बधिर होतो, सुजतो, दात हलतात, एकाचे दोन दिसतात. घाटामागच्या गल्ल्यांत ॲम्ब्युलन्स शिरत नाही, म्हणून मधुमेही आजी-आजोबांना सकाळपर्यंत घरी ठेवू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या.

गैरसमज: कल्चर निगेटिव्ह आलं, सुटलो.
वस्तुस्थिती: म्युकरचे तंतू नाजूक असतात. नमुना खलात घोटला तर ते मरतात आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. म्हणून ऊतक बारीक चिरायचं असतं. केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, फितीसारखे तंतू काही तासांतच दिसू शकतात. सोबत बायोप्सी आणि एमआरआय हवेच. संशय दाट असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात.

गैरसमज: बुरशीची कुठलीही गोळी चालते.
वस्तुस्थिती: फ्लुकोनाझोल आणि व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाहीत. पहिलं औषध लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी, शिरेतून. ते चालू असताना क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वरचेवर तपासावं लागतं. मेलेल्या भागात रक्तच नाही, तिथे औषध पोहोचणार कसं? तो शस्त्रक्रियेनं काढावाच लागतो.

गैरसमज: रुग्णाजवळ गेलं की लागण होते.
वस्तुस्थिती: म्युकर माणसाकडून माणसाला होत नाही. जवळ बसा, जेवू घाला. आयसीयूत पसरणारी बुरशी वेगळी: कँडिडा ऑरिस.

गैरसमज: म्हणजे स्टेरॉइड घेऊच नये.
वस्तुस्थिती: ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांचे जीव डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं वाचवले; 2020च्या ‘रिकव्हरी’ नावाच्या वैद्यकीय चाचणीत मात्रा होती रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉइड घेऊ नका, चालू असलेलं मनानं तोडू नका, आणि ते सुरू असेपर्यंत ग्लुकोमीटर हाताशी ठेवा.