पंधरा वर्षांची कंबर

कंबरेत उसण भरली की आमच्या आजोळी पायाळू माणसाला बोलावणं जायचं. पायांकडून जन्मलेल्या माणसाने दुखऱ्या जागेवर पाय फिरवला की चमक निघते, अशी श्रद्धा. आजोबांची कंबर अशी दोनदा सुटलेली मी पाहिली आहे. साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपली आपण उतरते, हे मला पुष्कळ पुढे कळलं.

आता ती श्रद्धा मोबाइलवर आली आहे. पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर दोन्ही तळहात टेकतात, एक झटका बसतो, ‘कडाक’ असा आवाज येतो आणि तो माणूस हसत उठून बसतो. या झटक्याच्या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात; त्याच्या अशा चित्रफिती क्रिकेटच्या मैदानावरच्या प्रत्येक मुलाने पाहिल्या आहेत.

मागच्या डिसेंबरात आझाद मैदानावर जाळ्यामागे एक मुलगा बसला होता. वय पंधरा, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणारा. दुखतं कुठे असं विचारलं, तर त्याने पूर्ण कंबर दाखवली नाही. पट्ट्याच्या थोडं वर, मणक्याच्या डाव्या बाजूला दोन बोटं टेकवली आणि म्हणाला, ‘‘काका, इथेच. टाकताना जास्त दुखतं, बसलो की थांबतं.’’ डाव्या पायावर उभं राहून मागे वाकायला सांगितलं, तर अर्ध्यावरच त्याने दात आवळले. त्याचे वडील माझे जुने मित्र. ते म्हणाले, ‘‘हाड सरकलंय म्हणतात रे. कायरोप्रॅक्टरकडे नेऊन मोकळं करून आणू का?’’

मी म्हटलं, आधी क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांना दाखव आणि एमआरआय कर, तोवर कुणाला पाठीला हात लावू देऊ नकोस. असं का म्हटलं, ते सविस्तर सांगायला हवं.

वेगवान गोलंदाज चेंडू सोडतो त्याच्या क्षणभर आधी त्याचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो. जमीन तितक्याच जोराने उलट धक्का देते, आणि तो शरीराच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. नेमकं त्याच वेळी धड मागे वाकलेलं असतं, एका बाजूला झुकलेलं असतं आणि पिळलेलंही असतं. हा सगळा भार कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांच्या मागच्या भागात, वरचा आणि खालचा सांधा जोडणाऱ्या हाडाच्या चिंचोळ्या पट्टीवर एकवटतो. डॉक्टर तिला ‘पार्स’ म्हणतात. उजव्या हाताच्या गोलंदाजाची ही पट्टी बहुधा डाव्या बाजूला तडकते. त्या मुलाची दोन बोटं जिथे टेकली होती, तिथेच.

हा तडा एका चेंडूने जात नाही. हाड जिवंत असतं. ताण वाढला की ते स्वतःची डागडुजी सुरू करतं. आधी जुना, थकलेला भाग खरवडून काढतं आणि मग तिथे नवा भरतं. खरवडण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, पण भरणी पक्की व्हायला महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कमजोर असतं. नेमक्या त्याच काळात शाळेची हॅरिस शिल्ड, क्लबचा सामना आणि अकादमीचा सराव एकत्र आला, तर डागडुजी मागे पडते आणि तडा पुढे सरकतो. तिन्ही ठिकाणचे प्रशिक्षक आपापली षटकं मोजतात. बेरीज कुणीच करत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याचीच.

त्यात हाड अजून तयार व्हायचं असतं. भारतीय क्रिकेट मंडळ 16 वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय ठरवतं. कुणी वय लपवू नये, हा त्यामागचा हेतू. त्या एक्स-रेमध्ये हाडाच्या टोकाशी एक काळसर रेघ दिसते. ती वाढीची चकती, अजून हाड न झालेली कूर्चा. ती दिसते म्हणजे मुलगा वाढतो आहे. मंडळ तो एक्स-रे बघून वयाची खात्री करतं. आपण पालकांनी त्यातून दुसरी गोष्ट वाचायला हवी, की या मुलाचा सांगाडा अजून पक्का झालेला नाही. कंबरेच्या मणक्यांना तर पूर्ण घनता यायला विशी उलटावी लागते.

म्हणूनच मोठ्यांच्या कंबरदुखीचे आडाखे मुलांना लावू नयेत. अमेरिकेत मिशेली आणि वुड या डॉक्टरांनी 1995 मध्ये कंबरदुखीच्या 100 किशोर खेळाडूंची तुलना 100 प्रौढ रुग्णांशी केली. मोठ्यांमध्ये पार्सचा दोष 5 टक्के रुग्णांत सापडला, तर मुलांमध्ये 47 टक्के. ही मुलं क्रीडा दवाखान्यात आलेले रुग्ण होती, त्यामुळे हा आकडा सरसकट सगळ्या मुलांचा नव्हे. तरीही खेळणाऱ्या मुलाच्या रेंगाळलेल्या कंबरदुखीला ‘उसण’ म्हणण्याआधी थांबावं, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता त्या ‘कडाक’ आवाजाविषयी. डी. डी. पामर यांनी 1895 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी कायरोप्रॅक्टिकची सुरुवात केली. मणके जागचे सरकतात आणि त्यातून आजार होतात, ही त्यांची मूळ कल्पना विज्ञानाच्या कसोटीवर टिकली नाही. आवाजाचा उलगडाही वेगळाच निघाला. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये बोट ओढून मोडतानाच त्याचं एमआरआय चित्रण केलं. सांध्याची दोन टोकं झटकन दूर होतात तेव्हा मधल्या वंगणात वायूची पोकळी तयार होते, आणि आवाज त्याच क्षणी येतो. तेव्हा आवाज आला म्हणजे सरकलेलं हाड जागेवर बसलं, असं समजू नये.

मग झटक्यानंतर बरं वाटतं ते खोटं का? खोटं नाही. आखडलेले स्नायू सैलावतात, वेदनेची जाणीव काही काळ मंदावते. 12 ते 18 वयाच्या 185 मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसता व्यायाम आणि व्यायामासह हाताने केलेले मणक्याचे उपचार यांची तुलना झाली. दुसऱ्या गटाला वर्षभरात थोडा जास्त आराम पडला. पण ही साधी, रेंगाळलेली कंबरदुखी होती आणि व्यायाम दोन्ही गटांना होता. तडकलेल्या हाडाला हा निष्कर्ष लावता येत नाही. तिथे झटका देऊच नये, हे नीट शिकलेला कायरोप्रॅक्टरही जाणतो आणि अशा मुलाला तो स्वतःच डॉक्टरकडे पाठवतो.

खरा धोका त्या दोन दिवसांच्या आरामात आहे. मुलाला शनिवारी मोकळं वाटतं, रविवारी तो दहा षटकं टाकतो. एका बाजूचा तडा दुसऱ्या बाजूलाही गेला, तर मणका पुढे घसरू शकतो. याउलट दुखणं लवकर सापडलं, तर बहुतेक मुलं शस्त्रक्रियेविना बरी होतात. काही महिने गोलंदाजी बंद, पोट-पाठ-नितंबांचे व्यायाम आणि मग मोजून मापून वाढवलेली षटकं. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा तडा अनेकदा दिसत नाही. एमआरआयमध्ये मात्र हाड तडकण्याआधीची सूजही दिसते.

मोठे गोलंदाजही यातून सुटत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सने नोव्हेंबर 2011 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, जोहान्सबर्गच्या पदार्पणाच्या कसोटीत सात बळी घेतले. पुढची कसोटी तो खेळला मार्च 2017 मध्ये, रांचीला. पाठीसह एकामागून एक दुखापतींनी मधली पाच वर्षं खाल्ली. त्याच्यामागे ऑस्ट्रेलियाच्या मंडळाचे डॉक्टर होते. आपल्या जसप्रीत बुमराहची पाठ 2019 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये दुखावली, 2023 मध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली आणि तो परतला. त्याच्यामागेही मोठी यंत्रणा होती. मैदानावरच्या पोरामागे फक्त त्याचे आईवडील असतात.

आझाद मैदानावरच्या त्या मुलाच्या एमआरआयमध्ये डावीकडे सूज दिसली, तडा अजून आरपार गेला नव्हता. तो चार महिने चेंडूला शिवला नाही. आता तो पुन्हा टाकतो, आणि त्याची आई दर रविवारी रात्री एका वहीत आठवड्याचे सगळे चेंडू लिहिते, जाळ्यातलेसुद्धा.

तशी एक वही तुमच्याही घरी असू द्या. मुलाची कंबर दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल किंवा मागे वाकताना दुखत असेल, तर गोलंदाजी थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. रात्री झोपमोड करणारं दुखणं, ताप, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.