टेसिफॉनची लढाई
टेसिफॉनची लढाई : (२२–२५ नोव्हेंबर १९१५). पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाच्या (इराक) मोहिमेत ब्रिटिश-हिंदी व ऑटोमन तुर्की सैन्यांत झालेली लढाई. पार्थियन व ससानियन राजधानी असलेल्या टेसिफॉन नगराचे अवशेष बगदादच्या आग्नेयीस सु. ३५ किमी. वर टायग्रिस नदीकाठी आहेत.

इराणमधील तेलाच्या संरक्षणार्थ ब्रिटिशांनी नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतले. सप्टेंबर १९१५ मध्ये कुट-अल-अमारा जिंकल्यावर सरसेनापती सर जॉन निक्सन याने बगदादवर चाल करण्याचा आग्रह धरला. बसऱ्यापासूनचा पुरवठा सर्वस्वी नदीमार्गावर अवलंबून होता आणि त्यासाठी आगबोटी अपुऱ्या होत्या. म्हणून सहाव्या (पुणे) डिव्हिजनचा प्रमुख मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यास ही चाल धोक्याची वाटत होती. तथापि गॅलिपोलीतील अपयश झाकण्यासाठी ठळक विजय हवा असल्याने लंडनहून तीस मान्यता मिळाली.

नुरेद्दीन पाशाने खंदकांच्या दोन फळ्यांत सु. १८,००० सैनिक ठेवले होते. टाउनशेंडचे सैन्य त्याहून कमी होते. त्यात १०३ व ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठा या पलटणी होत्या. २२ नोव्हेंबर रोजी हल्ला करून ब्रिटिशांनी पहिली फळी जिंकली, परंतु दुसरी फळी त्यांना भेदता आली नाही. २३ तारखेचे तुर्की प्रतिहल्ले परतविले गेले. दोन्ही पक्ष थकले होते. नुरेद्दीन दियाला नदीकडे हटला. पण ब्रिटिशही माघार घेत असल्याचे कळताच तो पाठलागास वळला. ब्रिटिशांचे सु. ४,६०० सैनिक मृत वा जायबंदी झाले; तुर्कांची हानी याहून अधिक होती. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून लाजपर्यंत नेल्याने त्यांचे अतोनात हाल झाले.

३ डिसेंबरला टाउनशेंड कुटला पोहोचला. तेथील वेढ्यात अन्न संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी सु. १३,००० लोकांनी शरणागती पतकरली. त्यांपैकी अनेक हिंदी शिपाई आनातोलियाकडील पायपिटीत व बंदिवासात मरण पावले. चौकशी आयोगाने १९१७ मध्ये वाहतूक व वैद्यकीय व्यवस्थेतील ढिसाळपणावर ठपका ठेवला. परिणामी भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलिन याने राजीनामा दिला. पूर्वतयारीनंतरच, ११ मार्च १९१७ रोजी, जनरल मॉड याने बगदाद जिंकले. रणांगणावरील शौर्य पुरवठ्यातील उणीव भरून काढू शकत नाही, हे या लढाईने सिद्ध केले.

१९२२ मधील पुनर्रचनेत या तिन्ही पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत समाविष्ट झाल्या. त्यांपैकी ११७ मराठा पलटणीस ‘रॉयल’ हा किताब मिळाला.