बत्तीस शिराळ्याची सहल

सुट्टी लागली की पुष्कळ कुटुंबे प्रवासास निघतात. अलीकडे काही मंडळी विमानाने थेट ब्रिटनलाही जातात. लंडनचा टॉवर, वेस्टमिन्स्टर ॲबी, यॉर्क शहराचा तट, एडिंबरोचा डोंगरी किल्ला इत्यादी स्थळे पाहून ती परत येतात व तेथील व्यवस्थेचे मोठ्या कौतुकाने वर्णन करतात. ते कौतुक अनाठायी नव्हे. तेथे जागोजागी माहितीच्या पाट्या असतात; टॉवरमध्ये तर जुन्या पद्धतीचा पोशाख केलेले रखवालदार त्या वास्तूच्या कथा रंगवून सांगतात. आपल्याकडील स्थळे मात्र बहुधा मुकी असतात. त्यांना बोलते करण्याचे काम पाहणाऱ्यालाच करावे लागते. ते कसे करावयाचे, हे सांगली जिल्ह्यातील शिराळा या गावाच्या निमित्ताने पाहू.

पुणे-बंगळूर महामार्गावर पेठ नाका लागतो. तेथून पश्चिमेकडे वळले, म्हणजे सह्याद्रीच्या दिशेने जाणारी वाट आपणांस शिराळ्यास पोहोचविते. गाव मोरणा नदीच्या काठी वसलेले आहे. ही नदी पुढे वारणेस मिळते. गावाचे रूढ नाव बत्तीस शिराळा. पूर्वी या ठाण्याखाली बत्तीस गावे मोडत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. हा मुलूख पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले व शिराळा ‘दक्षिण सातारा’ जिल्ह्यात आले. १९६० साली त्याच जिल्ह्याचे नाव ‘सांगली’ असे ठेवण्यात आले. त्यामुळे जुन्या ग्रंथांत शिराळ्याची माहिती शोधावयाची झाल्यास ती साताऱ्याच्या प्रकरणात शोधावी लागते. स्थळ पाहण्यापूर्वी एवढे ठाऊक असले, तरी पुष्कळ श्रम वाचतात.

शिराळ्यात प्रथम पाहावयाचा तो भुईकोट. डोंगरावर बांधतात तो गिरिदुर्ग, पाण्यात बांधतात तो जलदुर्ग आणि सपाट भूमीवर बांधतात तो भुईकोट. गिरिदुर्गाचे रक्षण निम्मेअधिक डोंगरच करतो. भुईकोटास तसा आधार नसतो. म्हणून त्याची सारी भिस्त जाड तट, पुढे आलेले बुरूज आणि सोयीच्या ठिकाणी भोवतालचा खंदक यांवर असते. बुरूज पुढे का काढतात? तटाच्या पायथ्याशी आलेला शत्रू वरून सरळ दिसत नाही. बाजूच्या बुरुजावरून मात्र तो स्पष्ट दिसतो व त्याच्यावर मारा करता येतो. ही गोष्ट ध्यानात ठेवून एखाद्या कोटाभोवती फिरून पाहा. पडक्या भिंतींतही बांधणाऱ्याचे डोके दिसू लागेल.

शिराळ्याच्या या कोटाशी एक हृदयद्रावक प्रसंग जोडलेला आहे. १६८९ च्या फेब्रुवारी महिन्याच्या आरंभी कोकणात संगमेश्वर येथे मोगल सरदार मुकर्रबखान याने छत्रपती संभाजी महाराजांना कवी कलशासह पकडले. औरंगजेबाची छावणी घाटमाथ्यापलीकडे दूर पूर्वेस होती. कैद्यांना सह्याद्री ओलांडून बहादूरगडाकडे नेण्यात आले आणि त्याच वर्षी ११ मार्च रोजी महाराजांची हत्या झाली. या प्रवासात त्यांना शिराळ्याच्या कोटात ठेवले होते आणि तेथे जोत्याजी केसरकर, तुळाजी देशमुख आदी स्वामिनिष्ठ मंडळींनी त्यांना सोडविण्याचा प्रयत्न केला, असे गावची परंपरा सांगते. तो प्रयत्न सफल झाला नाही.

येथे जाणत्या प्रवाशाने थोडे थांबावे. महाराजांची कैद व मृत्यू या इतिहासाने नोंदविलेल्या गोष्टी होत. सुटकेच्या प्रयत्नाची हकीकत मुख्यत्वे परंपरेने चालत आलेली आहे. नकाशा उघडला, तर संगमेश्वराहून पूर्वेस जाणाऱ्या वाटेवर शिराळा येऊ शकते, हे दिसते. म्हणजे ही कथा भूगोलाशी विसंगत नाही. पण शक्य असणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. परंपरेला परंपरा म्हटल्याने तिचा अपमान होत नाही. उलट, तीन शतकांहून अधिक काळ एका गावाने एका पराभूत प्रयत्नाची आठवण जपावी, हीच मोठी गोष्ट आहे. विजयाच्या आठवणी सारेच जपतात!

लंडनच्या टॉवरमध्येही असेच एक कोडे आहे. १४८३ साली बारा वर्षांचा राजा पाचवा एडवर्ड आणि त्याचा नऊ वर्षांचा भाऊ रिचर्ड यांना तेथे ठेवण्यात आले. त्यानंतर ते दोघे कोणास दिसले नाहीत. १६७४ साली तेथील एका जिन्याखाली दोन मुलांची हाडे सापडली व पुढे ती वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरण्यात आली. ती त्या राजपुत्रांचीच होती काय, हे आजही निश्चित ठरलेले नाही. तरीही प्रवासी त्या जागी उभे राहतात व हळहळतात.

यॉर्कची गोष्ट निराळी. तेथील कारभाऱ्यांनी १८०० च्या सुमारास शहराचा जुना तट पाडून टाकण्याचा घाट घातला होता. नागरिकांनी त्यास विरोध केला आणि तटाचा मोठा भाग वाचला. आज त्यावरून मुलेबाळे फिरतात. आपल्याकडील कित्येक कोटांचे दगड मात्र घरांच्या जोत्यांत जाऊन बसले.

कोटानंतर मारुतीचे देऊळ पाहावे. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी हा एक होय. याची स्थापना शके १५७६, म्हणजे इ. स. १६५४ मधील मानतात. मूर्तीच्या मस्तकाच्या दोन्ही बाजूंस झरोके ठेवलेले आहेत. त्यांतून उगवत्या व मावळत्या सूर्याचा प्रकाश मूर्तीवर पडतो. भर दुपारी येणाऱ्यास ही योजना कळणार नाही. काही वास्तू घड्याळ पाहूनच पाहाव्या लागतात.

शिराळ्याची खरी ख्याती मात्र नागपंचमीची. गोरखनाथ भिक्षेसाठी एका घरी गेले असता तेथील गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती. ‘जिवंत नागाची पूजा करशील काय?’ असे त्यांनी विचारले व तेथून ही प्रथा सुरू झाली, अशी दंतकथा आहे. गावकरी रानातून नाग धरून आणीत, मडक्यात ठेवीत, अंबामातेच्या दर्शनास नेत आणि नंतर रानात सोडून देत. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये सर्पांना संरक्षण मिळाले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाच्या आदेशांमुळे जिवंत नागांचे खेळ व मिरवणुका बंद पडल्या. गावात याविषयी अद्यापही हळहळ आहे. ‘आम्ही नागास मारीत नाही, पूजितो,’ असे गावकरी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. परंतु नाग दूध पिणारा प्राणी नव्हे. गर्दी, धक्के व हाताळणी यांनी तो घाबरतो, त्यास इजा होते. शेतातील उंदीर खाऊन तो शेतकऱ्याचे धान्य राखतो, ते त्याच्या बिळाजवळ मोकळा असतानाच. आता बहुतेक घरी पुन्हा मातीच्या नागाचीच पूजा होते.

हाती आणखी एक दिवस असल्यास वारणेच्या काठाने वर चांदोलीस जावे. तेथील अरण्य २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले व २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते. आत जाण्यास वनखात्याची परवानगी लागते, आणि पावसाळ्यात तेथील वाटा बिकट होतात. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.