आधी जनुकाचा अहवाल, मग औषध

वीस-बावीस वर्षांपूर्वी फुफ्फुसाच्या कर्करोगात डॉक्टर मुख्यतः एकच गोष्ट पाहत: पेशी लहान आहेत की नाहीत. शंभरांतले सुमारे ८५ रुग्ण दुसऱ्या, म्हणजे ‘नॉन-स्मॉल सेल’ गटातले. रोग पसरलेला असला की त्या सगळ्यांना जवळपास सारखीच केमोथेरपी मिळे.

गेफिटिनिबची गोळी जपानमध्ये २००२ साली आली, अमेरिकेत २००३ साली. बहुतेकांना तिचा गुण येईना. थोड्यांच्या गाठी मात्र काही आठवड्यांत आक्रसत, आणि त्यांत स्त्रिया, आशियाई आणि कधीच धूम्रपान न केलेले लोक जास्त. असे का, याचे उत्तर २००४ साली बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या संशोधकांना सापडले. या रुग्णांच्या गाठीतले ‘ईजीएफआर’ जनुक बदललेले होते. त्यामुळे पेशीला वाढत राहण्याचा हुकूम सतत मिळत होता आणि गोळी नेमका तोच अडवत होती. २००९ साली पूर्व आशियातल्या मोठ्या चाचणीने दुसरी बाजूही दाखवली: हा बदल नसेल तर गोळीपेक्षा केमोच बरी. माझ्या मते या रोगाच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा हाच.

पुढे वेग वाढला. ‘एएलके’ या दुसऱ्या जनुकातला दोष २००७ साली जपानमध्ये सापडला आणि २०११ साली त्यावरचे औषध मंजूर झाले. २०१५पासून इम्युनोथेरपी आली. ज्याला औषधच नाही असे मानले जाई, त्या ‘केआरएएस’ जनुकातल्या बदलाच्या एका प्रकारावरही २०२१ साली गोळी मिळाली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ३५० रुग्णांच्या चाचणीत गेफिटिनिबला केमोची जोड देऊन पाहिली, तेव्हा रोग आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. आपल्याच रुग्णांवर आपल्याच डॉक्टरांनी केलेल्या या कामाचा मला फार अभिमान वाटतो.

तरी औषधे कालांतराने निकामी होतात, आणि आपल्याकडे निदानच उशिरा होते. खोकला, वजन घटणे, एक्स-रेवर डाग म्हणजे टीबीच, असे धरून महिनोन्‌महिने गोळ्या चालतात. त्यात ‘सुई टोचली की रोग पसरतो’ ही भीती. तिच्यापायी बायोप्सी टाळली जाते आणि गाठीचा तुकडाच नसेल तर जनुक तपासणार कशाचे?

थुंकीत जंतू सापडले नसतील आणि टीबीच्या औषधांनीही उतार पडत नसेल, तर सीटी स्कॅन आणि बायोप्सीबद्दल डॉक्टरांना विचारा. कर्करोग निघालाच, तर उपचार ठरण्याआधी जनुक-तपासणीचा अहवाल मागून घ्या.