पक्षिछायाचित्रणातील कॅमेऱ्याचा आवाज

पक्षिछायाचित्रणातील कॅमेऱ्याचा आवाज : वन्य पक्ष्यांची छायाचित्रे घेताना कॅमेऱ्याच्या यंत्रणेतून निघणारा आवाज व त्याचा पक्ष्यांच्या वर्तनावर होणारा परिणाम. एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्याची कळ दाबताच आतील आरसा झटक्याने वर जातो, शटरचे पडदे सरकतात व आरसा पुन्हा खाली येतो. या हालचालींमुळे खटका ऐकू येतो. एका सेकंदात अनेक चित्रे घेतल्यास असे खटके ओळीने उमटतात.

बहुतेक पक्ष्यांना सु. १,००० ते ५,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे ध्वनी सर्वांत चांगले ऐकू येतात. खटक्यात अनेक कंप्रतांचे मिश्रण असल्याने तो जवळच्या पक्ष्यास ऐकू येतो. तथापि मंद आवाज टिपण्यात बहुतेक पक्षी माणसापेक्षा सरस नाहीत. घुबडे याला अपवाद होत. गव्हाणी घुबड पूर्ण अंधारात केवळ कानोशाने उंदीर पकडू शकते.

मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सु. ६ डेसिबेलने उतरते. म्हणजे १ मी. अंतरावरील आवाज ३२ मी. अंतरावर सु. ३० डेसिबेलने क्षीण होतो. शिवाय ध्वनीला ३४ मी. अंतर कापण्यास सु. एक दशांश सेकंद लागतो. तोवर पहिले चित्र बहुधा घेऊन झालेले असते. पक्षी दचकलाच, तर ते पुढील चित्रांत दिसते. लपण घरट्यापासून काही मीटरांवरच असल्यास मात्र खटका स्पष्ट व अनपेक्षित वाटतो. धोक्याशी संबंध नसलेल्या आवाजाला पक्षी पुष्कळदा सरावतात. परंतु प्रत्येक जातीचा, किंबहुना प्रत्येक पक्ष्याचा, प्रतिसाद सारखा नसतो.

आवाजापेक्षा माणसाचे दर्शन, त्याची हालचाल व जवळ येणे यांनी पक्षी सामान्यतः अधिक बिचकतात. रिचर्ड व चेरी कीर्टन या इंग्रज बंधूंनी १९०० च्या सुमारास पोकळ कृत्रिम बैलात लपून छायाचित्रे घेतली, ती पक्ष्यांच्या नजरेस न पडण्यासाठीच.

विणीच्या काळात लहानसा व्यत्ययही महागात पडतो. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ती वारंवार उठल्यास अंडी कडक उन्हात तापतात किंवा कावळ्यांच्या दृष्टीस पडतात. भारताच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना व्यत्यय आणणे याचा समावेश ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत केलेला आहे.

आरसारहित कॅमेऱ्यांतील इलेक्ट्रॉनिक शटरमुळे आवाज जवळजवळ नाहीसा झाला आहे. अशा बहुसंख्य कॅमेऱ्यांत प्रतिमा ओळीओळीने वाचली जात असल्याने वेगाने हलणारे पंख कधीकधी वाकडे उमटतात. यांत्रिक शटर वापरताना सलग चित्रे न घेता मोजकी घ्यावीत व केंद्रीकरणाची सूचक शिटी बंद ठेवावी. चरणे थांबवून मान उंचावणे, इशाऱ्याचे आवाज काढणे व घरट्याकडे परतण्याचे टाळणे ही अस्वस्थतेची लक्षणे होत. ती दिसताच छायाचित्रण थांबवून सावकाश मागे सरावे. कॅमेरा नि:शब्द असला, तरी अंतराचे बंधन सुटत नाही. कारण आवाज नाहीसा झाला, तरी छायाचित्रकार तेथे असतोच.